रिकाम्या पाटासमोरचं पान

मटर आला की जबलपूरला हिवाळा आला असं आम्ही धरतो. स्वेटर त्यानंतर निघतात. हातगाडीवाला कोचिंग क्लासच्या पोरांच्या स्कूटरी चुकवत गल्लीत शिरतो, आणि नेपियर टाउनमधले एरवी कुणाकडे न बघणारे डॉक्टर आणि वकील पिशव्या घेऊन पायऱ्या उतरतात. इथे मटर किलोभर घेणाऱ्याकडे लोक जरा काळजीने पाहतात, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. पुण्याचे आमचे नातेवाईक त्याला मटार म्हणतात आणि दर वेळी आम्हाला सुधारतात. सुधारू देत. त्यांच्याकडे ती भाजी आहे, आमच्याकडे तो ऋतू आहे. दोन महिने उसळ, पराठे, पुलाव, वाटलेल्या दाण्यांचा निमोना, आणि उरलेला डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. रस्त्याच्या कडेला हिरव्या टरफलांचे ढीग आणि त्यात तोंड घालून उभ्या असलेल्या गायी. वर्षातून एवढे दोनच महिने त्या गायी सुखी दिसतात.

आमच्या मागच्या अंगणात दहाच्या सुमारास ऊन येतं. तिथे मी पोतं अंथरते, आणि शेजारच्या कुसुमवहिनी परात घेऊन येतात. भिंतीला भिंत लागून घर. गेली कित्येक वर्षं आम्ही हा मटर एकत्र सोलतो. अंगठ्याचं नख हिरवं होतं आणि होळीपर्यंत तसंच राहतं. पूर्वी तिसरे वसंतराव असायचे, वहिनींचे यजमान. ते सोलायचे कमी आणि खायचे जास्त. वहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या हाती देऊ नका ताई, अर्धा पोटात जाते." आता सोललेला सगळा मटर परातीत पोचतो. परात लवकर भरते. घरातला माणूस गेल्याचं असं कुठून कुठून कळत राहतं.

परवा पहिला मटर सोलत होतो तेव्हा अंगणाच्या मागच्या भिंतीपलीकडच्या क्लासमधल्या कुणाच्या तरी फोनवर ते गाणं वाजलं. सुरुवातीला एकटी गिटार, हळू, जणू कोणी अंधारात चपला शोधतंय. वहिनींचा हात थांबला. माझाही. फोन कुणीतरी उचलला आणि गाणं तुटलं. वहिनींनी पुढची शेंग घेतली.

त्या गाण्याबद्दल मला फारसा आदर नाही, हे आधी सांगून टाकते. इंग्रजी आहे, पन्नासएक वर्षांपूर्वीचं. लांब केसांच्या चार गृहस्थांनी ते म्हटलं. त्यांतले जे उरलेत ते आता आजोबा आहेत आणि जगाने त्यांना अभिजात ठरवलं आहे. कोणताही आरडाओरडा पन्नास वर्षं टिकला की लोक त्याला अभिजात म्हणतात. मी कॉलेजात इतिहास शिकवायचे, तेव्हा हेच मी काही राजघराण्यांबद्दल म्हणायचे, आणि त्यामुळे सत्काराच्या समित्यांवर मला कधी कुणी घेतलं नाही. गाण्याचे शब्द मी नीट वाचले आहेत. त्यात एक रस्ता आहे, एक बंद दार आहे, आणि सकाळपर्यंत थांबायची कुणाचीच तयारी नाही. एवढंच.

पण माझ्यासाठी ते गाणं भिंतीतून आलं. वसंतराव आणि वहिनींचा निखिल, एकुलता एक, गच्चीवर आणि गच्ची तापली की माझ्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत ते वाजवायचा. सुरुवातीचा भाग त्याला छान यायचा. मग एक अवघड जागा होती. तिथे त्याची बोटं अडकायची, तो थांबायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. वसंतराव रिछाईच्या एका कारखान्यात फोरमन होते. यंत्राचा बिघाड आवाजावरून ओळखायचे, आणि पोराचा हा बिघाड त्यांना ओळखता येत नव्हता. माझ्या दारात येऊन म्हणायचे, "प्रोफेसरबाई, तुमच्या भिंतीला त्रास होते काय? आमच्याकडे मांजर दाबून राहिला तो."

"होऊ द्या. माझ्या भिंतीला सवय झाली."

"भिंतीला झाली असंल. मांजरीचं काय?"

आतून निखिल ओरडायचा, "बाबा, मांजर नाही जी, सोलो आहे!"

"कोणीही असो, सोडून दे त्याला."

त्या अवघड जागेच्या पुढे गाण्यात काय होतं हे मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. भिंतीतून तेवढंच यायचं. माझी भाची ईशानी, भावाची मुलगी, मुंबईहून सुटीत यायची ती सगळी दुपार त्यांच्या गच्चीवर असायची. निखिल तिच्याहून थोडा मोठा. तो वाजवायचा, ती पाय हलवत बसायची. तिला मराठी कळतं, बोलताना ती हिंदीत पळून जाते. निखिलचंही तसंच होतं. त्या दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते दोन भाषांच्या मधल्या गल्लीत.

असाच मटरचा मोसम होता. सोमवारी निखिल रिछाईला, वडिलांच्याच कारखान्यात कामावर रुजू होणार होता. वसंतरावांनी साहेबांना सांगून जागा मिळवली होती. शनिवारी सकाळी तो स्कूटर घेऊन बाहेर पडला. अंगणात वहिनी सोलत होत्या, त्यांच्या परातीतले मूठभर दाणे तोंडात टाकले, आणि "येतो" म्हणाला. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर धरायला काहीतरी मिळालं असतं.

स्कूटर दुसऱ्या दिवशी तिलवाऱ्याला सापडली. पुलाच्या अलीकडे, झाडाखाली, व्यवस्थित स्टँडवर लावलेली, कुलूप घातलेली. किल्ली नव्हती.

तिलवाऱ्याला खाली नर्मदा आहे आणि वरून नागपूरचा रस्ता जातो. तिथे नागपूरच्या गाड्या हात दाखवला की थांबतात. नदीत पुष्कळ शोधलं, मिळालं काही नाही. नागपूरलाही पुष्कळ शोधलं, तिथेही काही मिळालं नाही. तेव्हापासून त्या घरात दोन मतं होती. वहिनी नदीकडे बघत आणि वसंतराव रस्त्याकडे.

"मरायला जाणारा माणूस गाडीला कुलूप लावते काय?" वसंतराव विचारायचे. "किल्ली खिशात घालून जाते काय? किल्ली घेते तो परत येणारा."

वहिनी मला सांगायच्या, अंगणात, शेंगांकडे बघत. "ताई, त्याला सवय होती कुलूप लावायची. ह्यांनीच लावली होती सवय. लहानपणापासून."

कायद्याने जेवढी वर्षं थांबायला सांगितलं आहे तेवढी उलटून गेल्यावर वहिनींनी गुरुजींना विचारलं. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून सगळं करता येतं, असं गुरुजी म्हणाले. पोराचा जीव कुठेतरी तहानलेला फिरतोय, त्याला पाणी मिळू दे, एवढंच वहिनींचं म्हणणं. वसंतराव ऐकून घेत आणि उठून जात. संध्याकाळी जेवणाच्या वेळी ते स्वतः तिसरं ताट आणून टेबलावर पालथं ठेवीत. जेवणं झाली की वहिनी ते न वापरलेलं ताट उचलून पुन्हा फळीवर लावीत. रोज.

हे पालथं ताट ईशानीने एका सुटीत पाहिलं होतं.

मग काही वर्षांनी तिचा फोन आला. ती आता जाहिराती आणि गाण्यांच्या फिती करायची. त्या अभिजात आजोबांच्या कंपनीला आपली जुनी गाणी नव्या लोकांना विकायची होती, म्हणून त्यांनी देशोदेशींच्या तरुण दिग्दर्शकांना सांगितलं होतं की एकेका गाण्यावर एकेक छोटी गोष्ट करून द्या. ईशानीने तेच गाणं मागितलं आणि गोष्ट लिहिली ती एका म्हाताऱ्या बापाची. तो पुलावर उभा राहून गाड्या बघतो, आणि घरी येऊन दोन ताटं मांडतो. तिची गोष्ट पसंत पडली.

"आत्या, वसंतकाका करतील का?" तिने विचारलं. "मला ॲक्टर नाही पाहिजे."

मी म्हटलं, ते हाकलून देतील तुला. आणि मला ते बरंच वाटलं असतं. दुसऱ्याचं दुःख सुबक करून दाखवणाऱ्या लोकांबद्दल माझं मत चांगलं नाही. पण वसंतरावांनी तिला बसवलं, चहा दिला, आणि एकच गोष्ट विचारली.

"हे किती दूर दिसते?"

"पूरी दुनिया में, काका. फोनवर. कुठे पण."

"हेच गाणं?"

"हेच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग तो पाहील. दुसरं काही पाहणार नाही तो, पण हे गाणं दिसलं तर पाहीलच. चलो, करू."

वहिनी आत भांडी घासत होत्या. नळ चालू होता. तो बंद झाला आणि पुन्हा चालू झाला.

जानेवारीत मुंबईहून पंधरावीस माणसं आली. सगळ्यांनी काळे कपडे घातले होते, जणू आधीच कुणाच्या तरी मयताला निघालेत. त्यांच्या कलादिग्दर्शकाने वसंतरावांचं घर पाहून तोंड वाकडं केलं. फ्रीज फार नवा होता, टेबलावरचं प्लॅस्टिक फार फुलांचं होतं. दोन्ही माझ्याकडे आले. त्यांच्या जागी पाट, पितळेची भांडी आणि एक कंदील आला.

"कंदील काहून?" वसंतरावांनी विचारलं. "आमच्याकडे लाइट जात नाही आजकाल."

"सर, वो एक मूड के लिए है."

"अच्छा. मूडला लाइट चालत नाही काय?"

तिलवाऱ्यालाही गंमत झाली. त्यांनी सोबत धुराचं यंत्र आणलं होतं. पहाटे पुलावर पोचलो तर नर्मदेवरून धुकं असं वर आलं होतं की हातातला कप दिसेना. कॅमेरामन अस्वस्थ झाला. खरं धुकं कॅमेऱ्यात नीट बसत नाही म्हणाला, ते विरळ होईपर्यंत थांबू आणि मग आपलं सोडू. तसं केलं. ऊन वर येऊन सगळं लख्ख झाल्यावर त्यांनी यंत्र लावलं. नागपूरला जाणाऱ्या ट्रकमधल्या माणसाने काही पेटलंय समजून पाण्याची बाटली पुढे केली. मटरची पोती भरलेला ट्रक होता तो, हिरवा वास मागे ठेवून गेला. वसंतराव कठड्याला टेकून उभे होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही. गाडी आली की ते खिडक्या बघायचे, एकेक, पुढून मागे. गाडी गेली की पुढच्या गाडीकडे. कॅमेरा बंद झाला तरी त्यांचं ते चाललंच होतं. मला तिथे उभं राहवेना, मी गाडीत जाऊन बसले.

जेवणाचा प्रसंग तिसऱ्या दिवशी दुपारी होता. खिडक्यांवर काळी कापडं ठोकून भरदुपारी रात्र केली होती. पालथं ताट कॅमेऱ्यात काही बोलत नाही, असं कॅमेरामनचं मत पडलं होतं. म्हणून ईशानीने गोष्टीत बदल केला. समोरच्या रिकाम्या पाटापुढे बाप ताट सुलटं मांडतो, त्यात सगळं वाढतो, त्यावरची वाफ हळूहळू विरते, अन्न गार होतं. वाट बघण्याचं याहून चांगलं चित्र काय असणार. तिला खरंच असं वाटलं होतं.

स्वयंपाक वहिनींनी केला. मुंबईच्या मुलीने बाहेरून मागवते म्हटलं तर वहिनी म्हणाल्या, "माझ्या घरात बाहेरचं कशाला?" भात, पोळ्या, मटरची उसळ, लिंबाची फोड. त्या स्वयंपाकघराच्या दारात घरातला राखाडी स्वेटर घालून उभ्या होत्या.

पहिल्या वेळी वसंतरावांनी आपल्या ताटात वाढून घेतलं आणि जेवायला लागले.

"काका, ते दुसरं पण," ईशानी म्हणाली. "तिकडे वाढा ना."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या वेळी त्यांनी उसळीचा डाव समोरच्या ताटावर नेला आणि तसाच परत आणून पातेल्यात ठेवला. कॅमेरामन खूष झाला. "क्या रुकते हैं सर! बिलकुल नैचुरल." तिसऱ्या वेळी त्यांनी डाव उचललाच नाही.

"काका, काय झालं?"

"काहून वाढू?" ते अगदी साधेपणाने म्हणाले. "तो बसला काय पाटावर?"

"नाही ना, तेच तर! तो नाही आला. जेवण ठंडा होऊन राहिलं, म्हणजे तुम्ही वाट बघून राहिले."

"वाट पाहणारा वाढत नसते, बेटा. वाढलं म्हणजे वाट संपली."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हाताला धरून जिन्यात नेलं. आमच्याकडे वाढलेल्या ताटाला पान म्हणतात. माणूस पाटावर बसल्याशिवाय पान वाढत नाहीत. यायचा असला तर ताट झाकून, पालथं, कसंही ठेवतात, पण रिकामं ठेवतात. रिकाम्या पाटासमोर भरलेलं पान एकाच प्रसंगी मांडतात, पितरांना. त्या पानाला मग जिवंत माणूस हात लावत नाही. ते कावळ्याला किंवा गाईला जातं.

ईशानीचं तोंड उतरलं. "आत्या, मुझे किसीने बताया क्यों नहीं?"

"तुझ्या आजी-आजोबांची पानं मी इथे वाढते. तुझ्या बाबाकडे नुसता फोटो आहे."

हे बोलण्यात मला थोडं समाधान वाटलं, आणि ते लगेच ओसरलं. ती जिन्यात बसून रडायला लागली. मग नाक पुसून आत गेली आणि म्हणाली, "सॉरी काका. हे नाही करायचं. ताट पालथं ठेवा, जसं तुम्ही ठेवता."

"राग नाही तुझ्यावर," वसंतराव म्हणाले. "पण पाहा, तो कुठंतरी हे पाहून राहिला, समज. नागपूर म्हण, दिल्ली म्हण. त्यानं पाहिलं की बापानं आपलं पान वाढून टाकलं. मग तो काहून येईल? आपलं घरी सगळं झालं, म्हणेल."

कॅमेरा चालूच होता. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि तेवढ्यात वहिनी दारातून पुढे आल्या.

पातेलं उचलून त्या रिकाम्या पाटासमोर वाकल्या आणि वाढायला लागल्या. भाताची मूद, बाजूला उसळ, पोळी दुमडून, लिंबाची फोड डावीकडे. जसं कुठल्याही दिवशी वाढतात तसं, नीट, घाई न करता. अंगठ्याचं नख हिरवं होतं. मग त्यांनी लोटीतलं पाणी ओंजळीत घेतलं. मला कळलं त्या काय करणार आहेत. पानाभोवती एकदा ते पाणी फिरलं की झालं. इतकी वर्षं त्या एवढंच मागत होत्या.

वसंतराव त्यांच्याकडे बघत होते. वहिनी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, दोन ताटांच्या मधून पलीकडे गेले, आणि निखिलच्या पाटावर बसले.

वहिनींचा हात तसाच राहिला. बोटांमधून पाणी गळत होतं, फरशीवर.

वसंतरावांनी पान पुढे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली. भात कालवला, उसळ घेतली, पोळीचा तुकडा मोडला. ताट रिकामं होईपर्यंत ते थांबले नाहीत. शेवटचे दाणे त्यांनी पोळीने टिपून घेतले. मग लिंबाची फोड चोखून ताटात ठेवली.

"मीठ कमी पडलं जरासं," ते म्हणाले.

वहिनींनी ओला हात पदराला पुसला. "उद्या नीट टाकते," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

हे बोलणं चित्रफितीत ऐकू येत नाही. तिथे गाणं आहे. निखिल ज्या जागी अडकायचा ती अवघड जागा बरोबर तिथे येते जिथे चौकटीत एक हात शिरतो. त्याच्या पुढचं सगळं मी पहिल्यांदा ईशानीच्या लॅपटॉपवर ऐकलं. गिटार एकदम वर जाते, मागे ढोल सुरू होतात, गाणारा एकच स्वर धरून ठेवतो आणि सोडतच नाही. त्या सगळ्या आवाजाखाली एक म्हातारा मुकाट्याने उसळ खातो. मला कबूल करायला हवं, गाण्यात तेवढी जागा होती.

चित्रफीत गाजली. गाजलेल्या गोष्टींवर जे लिहून येतं ते सगळं आलं. तो हात नियतीचा आहे असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने हात म्हणजे स्मृती, आणि गळणारं पाणी म्हणजे काळ. बाप मुलाच्या जागी बसतो म्हणजे पिढ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं, असंही कुणी म्हणालं. परदेशातल्या कुठल्याशा समारंभात ईशानीला काचेचं काहीतरी मिळालं. ते तिने माझ्याकडे आणून ठेवलं आणि मी त्यावर पोळपाट टेकवून ठेवते. पोळपाटाला ते बरोबर बसतं.

वसंतरावांना समारंभाचं काही नव्हतं. ते रोज संध्याकाळी चहा झाला की चष्मा घेऊन माझ्याकडे यायचे. "बाई, लावा." चित्रफीत लावायची नाही, तिच्या खाली लोकांनी लिहिलेलं वाचायचं. मी वाचून मराठीत सांगायचे.

"हा म्हणतो, फार सुंदर."

"ते जाऊ द्या. कुठचा आहे?"

"ब्राझीलचा वाटतो."

"नाव?"

मी नाव सांगायचे. ते मान हलवायचे, पुढे. खोट्या नावाने लिहिणाऱ्यांपाशी ते जास्त थांबायचे. नुसतं गिटारचं चित्र ठेवून काहीच न लिहिणारा एक होता, त्याच्यावर त्यांनी आठवडा घालवला. एकदा कुणीतरी लिहिलं होतं की हे माझं घर आहे. मी ते दोनदा वाचलं. ईशानीला सांगून विचारलं, तर उत्तर आलं दूरच्या कुठल्या बेटावरच्या एका बाईचं. तिचे वडीलही असेच जेवायला थांबायचे, एवढंच तिला म्हणायचं होतं. मी वाचून दाखवलं. वसंतरावांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला.

"चांगली बाई आहे," ते म्हणाले. "तिला लिहा, जेवत जा वेळेवर."

वहिनी या वाचनाला कधी आल्या नाहीत. त्यांना हाक मारली तर म्हणायच्या, "मला काय समजते त्यातलं." आणि टेबलावर तिसरं ताट पालथं पडतच राहिलं. त्या दुपारनंतर एक फरक झाला. आता ते वहिनी उचलत नसत. वसंतरावच ठेवायचे आणि वसंतरावच उचलायचे.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी पडल्या पडल्या, उशाशी चष्मा ठेवून. फोनवर वाचायचं त्या दिवशी राहून गेलं.

यंदाच्या भाद्रपदात त्यांचं पहिलं पक्षाचं श्राद्ध झालं. नागपूरहून पुतण्या आला होता, करायला. गुरुजी तेच, ज्यांनी पूर्वी दर्भाचा पुतळा सांगितला होता. स्वयंपाक झाला, पानं मांडायची वेळ आली तेव्हा त्यांनी जरा आवाज खाली घेऊन विचारलं, "माई, मुलाचंही पान यातच वाढून घेऊ? पुतण्या आहे, हातासरशी विधी करून टाकू. आपलं बोलणं झालं होतं."

मी वहिनींकडे बघितलं. इतक्या वर्षांचं त्यांचं मागणं समोर येऊन उभं होतं, आणि आता घरात नाही म्हणणारं कुणी नव्हतं.

"नाही जी," वहिनी म्हणाल्या. "एकच पान वाढा."

"पण तुम्हीच तर..."

"म्हटलं होतं. तेव्हा वाट पाहायला हे होते."

एक पान वाढलं, पुतण्याने पाणी फिरवलं, गच्चीवर ठेवलं. कावळा यायला वेळ लागला नाही. जेवणाच्या बाबतीत वसंतरावांनी कधी ताटकळवलं नाही कुणाला. त्या संध्याकाळी मी डबा परत द्यायला गेले तर टेबलावर, फुलांच्या प्लॅस्टिकवर, दोन ताटं होती. एक वहिनींचं. दुसरं पालथं.

तर परवा ते गाणं पलीकडे वाजलं आणि तुटलं. आम्ही सोलत राहिलो. ऊन भिंतीवरून सरकून परातीवर आलं होतं. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "ताई, आजकाल काही येते काय त्याच्याखाली?"

"कशाच्या?"

"त्याच्या. हे वाचायला येत होते ते."

मी हात पुसून फोन आणला. फार दिवसांत उघडलं नव्हतं. नवीन थोडंच होतं. जगाची नजर आता दुसऱ्या कुठल्या हातावर गेली होती. एकाने नुसतं छान म्हटलं होतं. त्याच्याखाली, काही दिवसांपूर्वीचं, एक विचारणं होतं. लिहिणाऱ्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. कुठचा ते कळत नव्हतं. मी वाचलं, "हा विचारतो, तो हात कुणाचा आहे? आणि ते जेवण ज्याचं होतं त्याच्यासाठी मग काही उरलं का?"

वहिनींनी फोनकडे बघितलं नाही. त्या शेंग दाबत होत्या. दाणे परातीत पडले.

"उत्तर देता येते काय?"

"येतं."

"मराठीत?"

"कशातही."

मी असल्या ठिकाणी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. दुसऱ्याचं दुःख चारचौघांत मांडणाऱ्या लोकांबद्दल माझं मत मी वर सांगितलंच आहे. चष्मा नीट केला आणि म्हटलं, "सांगा."

वहिनींनी नखातली हिरवी साल काढली. "लिहा, हात आईचा आहे."

मी लिहिलं.

"लिहा, ते पान तुझ्या बाबांनी खाल्लं. उष्टं काही ठेवलं नाही." त्या थांबल्या. "मटर आला आहे म्हणा. तू आला की ताजं वाढीन."